एक खाच बाहेर

गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली आणि आतून दात वाजल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. घारीनं हातातला पाना खाली ठेवला आणि कान टवकारले. इंजिनाचे आवाज तिला पाठ होते. हा त्यांतला नव्हता.

"घाबरू नका," गाडीतून उतरता उतरता एक माणूस म्हणाला, "गाडीचा आवाज नाही. माझ्या काचांचा आहे."

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक चपटी लाकडी पेटी बसली होती, तीही सीटबेल्ट लावून. पेटीत ओळीनं गोल भिंगं होती आणि इंजिन चालू होतं तोवर ती एकमेकांवर किणकिणत होती. माणूस चष्मेवाला होता. पेटी घेऊन कारखान्यांत, शाळांत जायचा आणि लोकांचे डोळे तपासायचा.

"पेटीला सीटबेल्ट?" घारीनं विचारलं.

"आमच्या दोघांत तीच जास्त कामाची आहे."

"तक्रार काय आहे?"

"उभी राहिली की थरथरते. चालायला लागली की अगदी शहाण्यासारखी वागते. सिग्नलला थांबलो की आरशात मला मी दोन दिसतो."

"एकानं भागत नसेल," घार म्हणाली आणि बॉनेट उघडायला वळली. गिऱ्हाइकाशी असं बोलायची तिची रीत नव्हती. कसं काय तोंडातून निघून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

घार हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते बाबांनी ठेवलेलं. लहानपणी गॅरेजच्या दारात उभं राहून तिनं रस्त्यापलीकडं पडलेला एवढासा वॉशर बोटानं दाखवला होता. तेव्हापासून बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, की पोरीचे डोळे घारीचे आहेत. आता तिचं खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं होतं.

ते बाबा दारातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. पुढच्या महिन्यात ते ताईकडं, म्हणजे घारीच्या मोठ्या बहिणीकडं, ऑपरेशनसाठी जाणार होते आणि धड चालता येईपर्यंत तिथंच राहणार होते. मागे गॅरेजचं काय करायचं? शेजारचा टायरवाला जागेवर डोळा ठेवून बसला होता आणि दर दोन दिवसांनी चहाच्या निमित्तानं विचारून जात होता. बाबांनी घारीला साफ सांगितलं होतं, "मी खुर्चीतून उठणार नाही. तू एकटी काम कर. या गॅरेजातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी कधी परत आलेली नाही. तुझ्या हातूनही आली नाही, तर किल्ल्या तुझ्या. आली, तर टायरवाल्याला हो म्हणतो."

घारीला गॅरेज हवं होतं. जीव तोडून हवं होतं. दुसरं काही करावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आणि तिला एक गोष्ट माहीत होती, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं. लांबचं लख्ख दिसायचं, पण हातातली वस्तू दिवसेंदिवस धूसर होत चालली होती. पूर्वी डोळे जरा ताणले की अक्षर जागेवर यायचं; आताशा येत नव्हतं, नुसतं कपाळ दुखायचं. मग ती बोटांनी काम करायची. बोटं तिची शहाणी होती. नटाचा आकार, पेचाचा आटा, बेअरिंगमधली खरखर त्यांना बरोबर कळायची. पण घारीला दिसत नाही, हे बाबांना सांगायचं कुठल्या तोंडानं?

तिनं गाडीच्या बॅटरीवर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवला. ही बाबांची पद्धत. काहीही उघडायच्या आधी पेला ठेवायचा आणि गिऱ्हाइकालाही बघायला लावायचं. इंजिन चालू करताच पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठली. तिनं एसी चालू केला. वलयांच्या लाटा झाल्या आणि थोडं पाणी बाहेर सांडलं.

"हे काय, जादूचा प्रयोग?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तपासणी आहे. तुम्ही भिंतीवर अक्षरं लावता, आम्ही पेला ठेवतो."

"मग माझ्या गाडीचा नंबर काय?"

"थांबा हो जरा. आल्या आल्या कुणी नंबर देत नाही."

खुर्चीतून बाबा खोकले. घारीनं मान खाली घातली आणि कामाला लागली. तिनं प्लग काढले, ते चांगले निघाले. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, तीही कुठं फाटली नव्हती. मग तिनं पुढचं चाक उतरवलं, पान्यानं टेन्शनरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणारा दांडा मागं ओढला आणि पट्टा काढून घेतला. एसी, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, सगळ्यांना फिरवणारा हा एकच लांब काळा पट्टा. सगळे त्याला नुसता बेल्ट म्हणतात.

"आता गाडी बेल्टशिवाय चालू करायची," ती म्हणाली. "अगदी थोडा वेळ, कारण पाणी फिरत नाही. थरथर राहिली तर दोष इंजिनात. गेली तर दोष बेल्टच्या बाजूला."

"म्हणजे हे भिंग बरं की ते भिंग बरं, असंच झालं की!" तो खूश होऊन म्हणाला. "आमचा दिवसभर हाच धंदा."

तिनं चावी फिरवली. पेल्यातलं पाणी निवांत पडून राहिलं. दोघंही त्या पाण्यावर वाकले होते आणि त्यामुळे दोघांची डोकी बरीच जवळ आली होती. त्याच्या शर्टाला साबणाचा स्वच्छ वास येत होता. त्याचा चेहरा मात्र तिला नुसता सावळा, गोल धुरकट दिसला... ती पटकन मागं झाली आणि इंजिन बंद केलं.

बाकी काम सोपं होतं. एकेक पुली हातानं फिरवून पाहिली. टेन्शनरची पुली खरखरत होती आणि डुगडुगत होती. बेल्टला आतून भेगा पडल्या होत्या. तिनं त्याचं बोट धरून भेगांवरून फिरवलं. गिऱ्हाइकाला दोष दाखवल्याशिवाय भाग बदलायचा नाही, हाही बाबांचा नियम. मात्र नियमात बोट धरायचं कुठं सांगितलेलं नव्हतं.

नवा टेन्शनर बसवला. नवा बेल्ट एकेका पुलीवरून ओढत आणला. बेल्टला आतून लांब लांब खाचा असतात आणि पुलीलाही तशाच. खाचेत खाच बसली पाहिजे, एकही बाहेर राहता कामा नये. वरच्या पुल्यांवर तिनं बोटानं चाचपून पाहिलं. बरोबर होतं. पण सगळ्यात खालच्या मोठ्या पुलीच्या कडेपर्यंत बोट पोचत नव्हतं. तिथं डोळेच लागतात.

ती चाकाच्या जागी बसली आणि टॉर्च मारून आत पाहिलं. काळी पुली, काळा बेल्ट, सगळं एकात एक मिसळलेलं. तिनं डोळे बारीक केले, मान मागं नेली. शेजारी चष्मेवाला उकिडवा बसला होता आणि पुलीकडं नाही, तिच्याकडं बघत होता.

"बसला?" त्यानं विचारलं.

"बसला," ती म्हणाली.

गाडी चालू झाली. पेल्यात पाणी गप्प. भिंगंही गप्प. बाबांनी खुर्चीतून मान डोलावली आणि चष्मेवाला तोंड भरून आभार मानून निघून गेला. गेला तो दुसऱ्या दिवशी परत आला. गाडीच्या चाकात हवा हवी होती म्हणे. हवा शेजारी मिळते, हे टायरवाल्यानं हातभर अक्षरांत लिहून ठेवलं होतं, पण दुनियेचे डोळे तपासणाऱ्या या माणसाला ते दिसलं नाही.

"अक्षर वाचता येत नाही का तुम्हाला?" घारीनं विचारलं.

"येतं. पण तिकडं वाचण्यासारखं काही नाही."

"आणि इकडं काय आहे?"

"इकडं..." तो थांबला. खुर्चीतल्या बाबांकडं त्याची नजर गेली. "इकडं सल्ला चांगला मिळतो."

"सल्ला असा, की हवा शेजारी भरा," घार म्हणाली. पण तो गेल्यावर बराच वेळ ती एकच नट पुसत बसली होती. बाबांनी ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी बाबा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते, तेव्हा रस्त्यावरून एक किंचाळी जवळ येत गेली. घारीनं तो आवाज लांबूनच ओळखला. बेल्टचा आवाज. आणि त्या आवाजामागून चष्मेवाल्याची गाडी दारात आली, पुन्हा थरथरत.

"काका झोपलेत ना?" त्यानं हळूच विचारलं. "मुद्दाम ही वेळ बघून आलो. त्यांच्यासमोर तुमच्या कामाची तक्रार नको वाटली."

"इंजिन बंद करा आधी," ती कशीबशी म्हणाली.

तिनं चाक उतरवलं, बेल्ट काढला. काठावरून एक लांब दोरा सुटून लोंबत होता आणि शेवटची खाच झिजून सोललेली होती. बोटं फिरवताच तिला कळलं. खालच्या पुलीवर बेल्ट एक खाच बाहेर बसला होता. शिकाऊ माणसाकडून पहिल्या आठवड्यात होते ती चूक. आयुष्यभर याच फरशीवर वाढलेल्या मुलीकडून नाही.

"बेल्टच खराब निघालेला दिसतोय," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखी भरभर बोलली. "होतं असं कधी कधी. दुसरा घालते."

"कुठला बेल्ट आहे? त्याच्यावर काहीतरी लिहिलंय बघा."

तिनं बेल्ट हातात घेतला. हात लांब केला. अजून लांब केला.

"हात संपला," तो हळू आवाजात म्हणाला.

घार तटकन उभी राहिली. "काय म्हणायचंय तुम्हाला?"

"तुम्हाला जवळचं दिसत नाही. त्या दिवशी पुलीत बघताना तुम्ही मान मागं नेलीत. दिवसभर तेच बघतो मी, मला कळणार नाही का?"

"त्या दिवशीच कळलं?"

"हो."

"आणि बोलला नाहीत? नुसते बघत बसलात?" तिचा आवाज चिरकला. "तुमच्यासमोर मी बेल्ट चुकीचा बसवला! गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, म्हणजे माझं काय होणार आहे, माहीत आहे? हे गॅरेज टायरवाल्याकडं जाईल. जन्मभर मी दुसऱ्याच्या दारात नट घट्ट करत बसेन!"

त्याचा चेहरा उतरला. खट्याळपणा कुठल्या कुठं गेला.

"मला बेल्टमधलं काही कळत नाही," तो म्हणाला. "बसला म्हणालात, मी मान्य केलं. पण डोळ्यांचं बोलायला हवं होतं. माझं कामच आहे ते. शाळेतल्या पोराला मी दारातच थांबवून सांगतो. तुम्हाला नाही सांगितलं, कारण... पहिल्याच भेटीत एखादी आवडते, आणि तिला म्हणायचं, बाई, तुम्हाला दिसत नाही? जीभ रेटली नाही. चुकलं माझं."

घारीला खूप काही बोलायचं होतं. पण त्याच्या बोलण्यातला एक शब्द तिच्या कानात अडकून बसला होता आणि स्वतःचे शब्द तिला सुचेनात.

"पेटी आणू?" त्यानं विचारलं.

ती नाही म्हणाली नाही. तो पेटी घेऊन आला. तिला स्टुलावर बसवलं आणि एक जड, गोल, खेळण्यासारखी दिसणारी फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. ऑइलचा एक डाग तिच्या गालावर होता. त्यानं तो पुसला नाही, पण पाहिला. मग एकेक भिंग फ्रेमच्या खोबणीत घालू लागला.

"हे बरं?"

"नाही."

"हे?"

"जरासं..."

"आणि आता?"

आता तिच्यासमोर एक चेहरा आला. इतक्या जवळून आलेलं काही तिनं कित्येक दिवसांत असं पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवईत एक जुना व्रण होता. डाव्या कानाजवळ एकच केस पांढरा होता. दाढी करताना हनुवटीखाली जरा कापलं होतं. डोळे तपकिरी होते आणि तिच्याइतकेच घाबरलेले होते. तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. आपण किती दिवस बोटांवर जगत होतो, असं तिच्या मनात आलं.

"काय दिसतंय?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"दाढी नीट करत जा," ती म्हणाली आणि स्टुलावरून उठली.

ती फ्रेम नाकावर ठेवूनच ती चाकाच्या जागी बसली. पुलीची एकेक खाच, तिच्यातली धूळ, कडेवरचा ओरखडा, सगळं वेगळं वेगळं उभं होतं. तिनं नवा बेल्ट ओढून आणला. खालच्या पुलीवर तो पुन्हा एक खाच बाहेर जायला बघत होता. ही जागाच अशी होती. तिनं दांडा परत मागं ओढला, बेल्ट आत ढकलला आणि दोन्ही कडा जुळल्या तसा सोडला.

"हे काय चाललंय?"

बाबा आतल्या दारात काठी टेकून उभे होते. त्यांनी दारातली गाडी पाहिली, जमिनीवर पडलेला सोललेला बेल्ट पाहिला आणि मुलीच्या नाकावरचं ते दुकान पाहिलं.

"काही नाही काका," चष्मेवाला घाईघाईनं पुढं झाला. "बेल्ट खराब निघाला. म्हणजे, कंपनीचाच दोष. घारताईंचा काही..."

"नाही बाबा," घार म्हणाली. उभी राहिली. "बेल्ट चांगला होता. मी खालच्या पुलीवर एक खाच बाहेर बसवला. मला जवळचं दिसत नाही. बरेच दिवस झाले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळ्यांना माझ्या डोळ्यांचं कौतुक सांगत होता. गाडी परत आली आहे. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

 बाबा काठी टेकत गाडीपाशी आले, मोठ्या कष्टानं चाकाच्या जागी वाकले आणि आत पाहिलं. आता कडा बरोबर होत्या. ते तसेच वाकलेले राहिले, कारण त्यांना उठता येईना. घारीनं त्यांना धरून उठवलं.

"ते नाकावरचं काढ," ते म्हणाले.

तिनं फ्रेम काढली. बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि चष्मेवाल्याकडं वळले.

"याच नंबरचा चष्मा करायला किती दिवस लागतात?"

"उद्या देतो, काका."

"मजबूत करा. ही गाडीखाली झोपते, चष्म्याला दोरी हवी." मग घारीकडं न बघताच ते म्हणाले, "मी नियम केला तेव्हा मला वाटलं होतं, चूक झाली तर तू झाकशील की काय, ते बघू. चूक होणारच नाही असं समजायला मी काय खुळा आहे? माझ्या हातून तीन गाड्या परत आल्यात. तुझ्या आईला माहीत होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही."

"तीन?" घारीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"चार असतील. आता टायरवाला चहाला आला की त्याला सांग, चहा मिळेल, जागा नाही." आणि ते खुर्चीकडं गेले. खुर्चीत बसल्यावर त्यांनी रस्त्याकडं तोंड केलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं उगाच मान पुसली, तोंड पुसलं, मग डोळेही पुसले. घारीला ते लांबून अगदी स्पष्ट दिसलं.

मग बाबा रस्त्याकडं बघतच म्हणाले, "आणि गाडी फिरवून बघा. पेल्यावर भागवू नका. दोघं जा."

चष्मेवाला गाडी चालवत होता, घार शेजारी बसली होती. पेटी मागच्या सीटवर गेली होती, सीटबेल्ट लावून. चौकात सिग्नल लाल झाला. त्यानं गाडी न्यूट्रल केली, क्लच सोडला आणि दोघंही कान देऊन बसले. काहीच थरथरलं नाही. एसी चालू केला. तरी नाही. मागं एकही भिंग वाजलं नाही.

"झाली बरी," तो म्हणाला. खूश व्हायला हवं होतं त्यानं, पण झाला नाही. "म्हणजे उद्या चष्मा द्यायला येईन. त्यानंतर मात्र यायला काही..."

"मघाशी तुम्ही काहीतरी म्हणालात."

"काय?"

"पहिल्याच भेटीत एखादी आवडते, असं."

त्याचे कान लाल झाले. चष्मा नसतानाही तिला ते दिसलं, कारण ती आता दाराला टेकून जरा लांबून बघत होती. सिग्नल हिरवा झाला. त्यानं गिअर टाकला.

"मी उगाच नाही म्हणालो," तो समोर बघत म्हणाला. "खरंच म्हणालो."

"मग माझंही ऐका. मी गाडीचं खोटं बोलले, पण मनातल्याचं खोटं नाही बोलणार." तिनं एकदा श्वास घेतला. "तुमचा चेहरा मला आज पहिल्यांदा नीट दिसला. पण आवडायला तुम्ही त्याच्या आधीच लागला होतात. हवा भरायला आलात, तेव्हापासून."

गाडीला आचका बसला आणि ती भर चौकात बंद पडली. मागून भोंगे सुरू झाले. त्याचा पाय क्लचवरून निसटला होता आणि तो वेड्यासारखा तिच्याकडं बघत हसत होता.

"यात माझ्या कामाचा काही दोष नाही," घार म्हणाली आणि हात लांब करून तिनंच चावी फिरवली.